रॉकची सुवर्णवर्षे आणि महाराष्ट्र (१९७०-१९७४)

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात १९७० ते १९७४ ही पाच वर्षे 'क्लासिक रॉक'चा गाभा मानली जातात. हा शब्दप्रयोग त्या काळातला नव्हे. १९८०च्या दशकात अमेरिकेतील एफएम रेडिओ केंद्रांनी जुन्या रॉक गीतांचे स्वतंत्र कार्यक्रम सुरू केले, तेव्हा तो रूढ झाला. 'स्टेअरवे टू हेवन', 'स्मोक ऑन द वॉटर', 'मनी', 'बाबा ओ'रायली' ही गाणी आज आजोबा आणि नातू दोघांनाही ठाऊक असतात. त्यांचा जन्म इंग्लंड-अमेरिकेत झाला असला, तरी त्यांच्या मुळांशी आणि फांद्यांशी महाराष्ट्राचा संबंध अनेक ठिकाणी येतो. अहिल्यानगरजवळचे मेहेराबाद, साताऱ्यातील पाचगणी, मुंबईच्या फोर्ट भागातील ध्वनिमुद्रणगृह आणि लोणावळ्याजवळची मळवली ही त्यातील काही ठिकाणे होत. या संगीताची, त्याच्या महाराष्ट्रातील नात्याची आणि त्याच्या मर्यादांचीही ही नोंद.

गाण्याकडून गीतसंचाकडे

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचे चलन म्हणजे तीन मिनिटांचे गाणे. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या लहान तबकडीच्या एका बाजूला एक गाणे मावत असे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी मोठी लाँग प्ले तबकडी एका बाजूला सुमारे वीस-बावीस मिनिटांचे संगीत सामावू शके. सुरुवातीला या मोठ्या तबकडीवर सुटी गाणी एकत्र करून दिली जात. बीटल्सच्या उत्तरकाळात ही पद्धत बदलली आणि संपूर्ण तबकडी ही एकच कलाकृती समजून रचली जाऊ लागली. गाण्यांचा क्रम, त्यांच्यामधील विराम आणि वेष्टनावरील चित्र या साऱ्यांना अर्थ आला. 'जेथ्रो टल' या इंग्रजी बँडचा १९७२ मधील 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' हा गीतसंच तर तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारे एकच गाणे आहे.

या बदलामागे तंत्रज्ञानही होते. अनेक पट्ट्यांवर स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रण करून नंतर ते एकत्र मिसळण्याची सोय चार पट्ट्यांवरून आठ आणि मग सोळा पट्ट्यांपर्यंत वाढली. एकच गिटारवादक स्वतःच्याच वादनावर दुसरे, तिसरे वादन चढवू लागला. सिंथेसायझर हे विजेवर ध्वनी निर्माण करणारे वाद्य प्रयोगशाळेतून बाहेर आले. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक भार टाकला की व्हॉल्व्हमधून येणारा स्वर फाटतो, खरखरतो. आधी हा दोष मानला जाई, पण रॉक वादकांनी त्यालाच आपला स्वर मानला. त्यावर आधारलेली, पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट म्हणजे 'रिफ'. आपल्याकडे गाण्याचा मुखडा जसा लक्षात राहतो, तसा रॉकमध्ये रिफ लक्षात राहतो.

पाच वर्षांचा आलेख

ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे वुडस्टॉक महोत्सव झाला. त्याच्या पहिल्या दिवशी पंडित रविशंकर यांनी पावसात सतार वाजवली होती. पुढील वर्ष मात्र समाप्तीचे ठरले. एप्रिल १९७० मध्ये बीटल्स फुटल्याचे जाहीर झाले आणि मे महिन्यात त्यांचा 'लेट इट बी' हा गीतसंच आला. सप्टेंबरमध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्स, ऑक्टोबरमध्ये गायिका जॅनिस जॉप्लिन आणि जुलै १९७१ मध्ये 'डोअर्स'चा गायक जिम मॉरिसन असे तिघे कलावंत वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी निवर्तले. शांती आणि प्रेमाचा घोष करणारे साठचे दशक येथे संपले.

त्यानंतरचा आवाज अधिक जड आणि काळोखा होता. बर्मिंगहॅम या इंग्लंडमधील कारखान्यांच्या शहरातून आलेल्या 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला गीतसंच फेब्रुवारी १९७० मध्ये आणि 'पॅरानॉइड' त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून तुटली होती. तारा दाबणे सुसह्य व्हावे म्हणून तो त्या ढिल्या ठेवू लागला आणि त्यातून आलेला खर्जातील गडद स्वर पुढे 'हेवी मेटल' या प्रकाराचा पाया ठरला.

८ नोव्हेंबर १९७१ रोजी 'लेड झेपलिन'चा चौथा गीतसंच आला. त्याच्या वेष्टनावर ना बँडचे नाव होते, ना गीतसंचाचे. त्यातील 'स्टेअरवे टू हेवन' हे गाणे आठ मिनिटांचे आहे. बासरीसारख्या रेकॉर्डर या वाद्याच्या सुरांवर आणि साध्या गिटारवर ते संथपणे सुरू होते, पायरीपायरीने वाढते आणि अखेरीस पूर्ण वेगात पोहोचते. विलंबितातून द्रुत लयीकडे जाणाऱ्या मैफलीची सवय असलेल्या कानाला ही रचना परकी वाटत नाही.

'डीप पर्पल'चा 'मशीन हेड' मार्च १९७२ मधला. तो ध्वनिमुद्रित करण्यासाठी हा बँड स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे पोहोचला असताना, ४ डिसेंबर १९७१ रोजी फ्रँक झापा यांच्या कार्यक्रमादरम्यान तेथील कॅसिनो जळून खाक झाला. सरोवरावर पसरलेल्या धुराचे ते दृश्य म्हणजेच 'स्मोक ऑन द वॉटर'. गिटार हाती घेणारा जवळजवळ प्रत्येक नवशिका आजही प्रथम याच गाण्याचा रिफ वाजवून पाहतो. त्याच वर्षी नील यंगचा 'हार्वेस्ट', रोलिंग स्टोन्सचा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट', डेव्हिड बोवीचा 'झिगी स्टारडस्ट' आणि 'येस'चा 'क्लोज टू द एज' प्रसिद्ध झाला. इतके भिन्न स्वभावाचे गीतसंच एकाच वर्षी येणे हे त्या काळाच्या सुपीकतेचे लक्षण होय.

मार्च १९७३ मध्ये 'पिंक फ्लॉइड'चा 'द डार्क साइड ऑफ द मून' आला. काळ, पैसा, मृत्यू आणि मनाचा तोल ढळणे हे त्याचे विषय. लंडनच्या अ‍ॅबे रोड ध्वनिमुद्रणगृहात त्याचे काम झाले. हृदयाचे ठोके, घड्याळांचे गजर आणि नाण्यांचा खणखणाट संगीतात विणलेला आहे. यातील 'मनी' हे गाणे बहुतांशी सात मात्रांच्या आवर्तनात चालते. रूपक तालाची ओळख असलेल्या श्रोत्याला ही सात मात्रांची चाल सहज मोजता येते, पाश्चात्त्य रॉकमध्ये मात्र ती क्वचितच आढळे. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या यादीत हा गीतसंच १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे राहिला.

मेहेराबादचे ऋण

१९७१ च्या ऑगस्टमध्ये 'द हू' या इंग्रजी बँडचा 'हूज नेक्स्ट' प्रसिद्ध झाला. त्याचे पहिलेच गाणे 'बाबा ओ'रायली'. शीर्षकातील 'बाबा' म्हणजे अवतार मेहेरबाबा आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. मेहेरबाबांचा जन्म १८९४ मध्ये पुण्यातील इराणी कुटुंबात झाला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जवळ त्यांनी आश्रम वसवला आणि १९२५ पासून आयुष्याच्या अखेरीपर्यंत मौन पाळले. ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी मेहेराबाद येथे आहे.

'द हू'चा गीतकार आणि गिटारवादक पीट टाउनशेंड साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मेहेरबाबांचा अनुयायी झाला. दृष्टी, श्रवण आणि वाणी हरपलेल्या मुलाची कथा सांगणारा 'टॉमी' हा १९६९ मधील गीतसंच त्याने याच प्रभावाखाली रचला. 'बाबा ओ'रायली'च्या आरंभी ऑर्गनवर एकच आकृतिबंध सतत फिरत राहतो, त्यावर इतर वाद्ये येतात आणि शेवटी व्हायोलिन द्रुत लयीत धावते. १९७२ मध्ये टाउनशेंडने 'हू केम फर्स्ट' हा स्वतंत्र गीतसंच काढला. त्यातील 'परवरदिगार' हे गाणे मेहेरबाबांच्या प्रार्थनेवर आधारलेले आहे. नगर जिल्ह्यातील एका टेकडीवरची प्रार्थना अशा रीतीने लंडनच्या तबकडीवर पोहोचली. मेहेराबादला जाणाऱ्या कित्येक मराठी भाविकांना मात्र या प्रवासाचा पत्ताही नसतो.

पाचगणीचा विद्यार्थी

'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारूख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला आणि बालपणीच त्याला शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवण्यात आले. पियानोचे धडे त्याने येथेच घेतले. १९५८ च्या सुमारास शाळेतील मित्रांसह त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड स्थापन केला. त्यात तो पियानो वाजवी. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि तेथील क्रांतीनंतर १९६४ मध्ये त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या 'क्वीन'चा पहिला गीतसंच जुलै १९७३ मध्ये आला. १९७४ मध्ये 'क्वीन टू' आणि 'शीअर हार्ट अटॅक' असे दोन संच प्रसिद्ध झाले, तर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने १९७५ मध्ये बँडला जगभर नेले. बँडचे राजमुद्रेसारखे चिन्हही फ्रेडीनेच रेखाटले होते. त्याचे निधन २४ नोव्हेंबर १९९१ रोजी झाले. भारतात घालवलेल्या वर्षांविषयी तो मुलाखतींतून फारसे बोलत नसे. त्यामुळे पाचगणीशी असलेले त्याचे नाते महाराष्ट्रालाही बऱ्याच उशिरा उमगले.

फोर्टमधील ध्वनिमुद्रणगृह

जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला तो 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी. एचएमव्हीच्या मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहात त्याने भारतीय वादकांसोबत काम केले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया हे तेव्हाचे तरुण वादक त्या चमूत होते. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचे वाद्यसंगीतही त्याच मुक्कामात ध्वनिमुद्रित झाले आणि मार्च १९६८ मध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागील बाजूस प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या तबकडीवर मुंबईच्या वादकांचे हात असे उमटले.

१९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी त्यांनी येथील वादकांकडून तबला, सारंगी, बासरी आणि व्हायोलिनच्या साथीने पुन्हा वाजवून घेतली. पंडित रविशंकर यांच्यासोबत काम केलेले बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांनी वादकांचे नेतृत्व केले. 'फोर स्टिक्स'ची लय पाच आणि सहा मात्रांमध्ये आलटून पालटून फिरते. मूळ ध्वनिमुद्रणात ढोलवादक जॉन बोनहॅम याने दोन्ही हातांत मिळून चार काठ्या धरल्या होत्या, म्हणून हे नाव पडले. मुंबईचे हे ध्वनिमुद्रण चाळीसहून अधिक वर्षे केवळ चोरट्या प्रतींमधून फिरत राहिले. २०१५ मध्ये 'कोडा' या संचाच्या विस्तारित आवृत्तीत ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. त्याच मुंबई भेटीत पेज आणि प्लांट यांनी कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये अचानक वाद्ये हाती घेतली आणि स्थानिक वादकांच्या साथीने ते वाजवू-गाऊ लागले. मुंबईच्या रॉकप्रेमींनी ती रात्र दंतकथेसारखी जपली आहे.

याच काळातील आणखी एक घटना म्हणजे १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेला 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'. पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांच्या हालांनी व्यथित झालेल्या रविशंकर यांनी हॅरिसनकडे मदत मागितली आणि एका दिवशी दोन खेळ झाले. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि कमला चक्रवर्ती यांचे वादन झाले. नंतर हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन आणि रिंगो स्टार रंगमंचावर आले. तीन तबकड्यांच्या या संचाला १९७३ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट गीतसंचाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. मोठ्या आपत्तीसाठी रॉक कलावंतांनी एकत्र येण्याची प्रथा येथून सुरू झाली.

मुंबईचे बँड

या साऱ्याचे पडसाद मुंबईत उमटत होतेच. सिमला या सिगारेटच्या छापाने पुरस्कृत केलेली 'सिमला बीट' स्पर्धा या वर्षांत मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात रंगे. देशभरचे हौशी बँड तिच्यात उतरत. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या निवडक गाण्यांच्या तबकड्या निघाल्या आणि आज जगभरचे संग्राहक त्या शोधत असतात. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे 'स्नेहयात्रा' नावाचा खुल्या मैदानावरील महोत्सव झाला. वुडस्टॉकच्या धर्तीवरचा तो आपल्याकडचा पहिला मोठा प्रयत्न. कोलकात्याहून निघणारे 'ज्युनियर स्टेट्समन' हे इंग्रजी नियतकालिक या पिढीचे मुखपत्र होते. त्याने दिलेली बँडची भित्तिपत्रे वसतिगृहांच्या भिंतींवर झळकत.

'सॅव्हेजेस', 'ह्युमन बाँडेज', 'वेल्वेट फॉग' आणि 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' ही तेव्हाच्या मुंबईतील काही नावे. वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी गोव्यातील शिवोलीहून मुंबईला आलेला रेमो फर्नांडिस 'सॅव्हेजेस'मध्ये वाजवत होता. यांतील बहुतेकांचा भर पाश्चात्त्य गाणी हुबेहूब सादर करण्यावर असे, कारण प्रेक्षक त्यासाठीच येत. स्वतःच्या रचनांना तबकडीचे दार क्वचितच उघडे. देशातील ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय दोन-तीन कंपन्यांच्या हाती होता आणि त्यांचा धंदा चित्रपटगीतांवर चालत असे. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि तबकड्या दुर्मीळ आणि महाग होत्या. परदेशातून येणारा नातेवाईक किंवा गोदीतला खलाशी हाच अनेकांचा पुरवठादार. काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाऊस'च्या काचेच्या खोलीत उभे राहून तबकडी ऐकणे हा मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांचा आनंद होता. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले.

नंदू भेंडे : रॉक आणि मराठी रंगभूमी

या इंग्रजी जगात एक मराठी नाव ठळकपणे दिसते, ते म्हणजे नंदू भेंडे. रंगभूमीवरील आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या दांपत्याचे ते चिरंजीव. 'वेल्वेट फॉग', 'सॅव्हेजेस' आणि 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडमध्ये ते गायले. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचे 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतक १९७० मध्ये आधी तबकडीच्या रूपात आले आणि नंतर रंगमंचावर गेले. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये ते मुंबईत सादर केले, तेव्हा ज्यूडासची भूमिका नंदू भेंडे यांनी केली.

त्यांचे खरे महत्त्व पुढच्या टप्प्यात आहे. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' हे नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'चे ते रूपांतर. त्यात अंक्याची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. रॉकच्या मंचावर घडलेला आवाज मराठी शब्द घेऊन तमाशाच्या बाजाच्या नाटकात उभा राहिला. लावणी, कीर्तन आणि नाट्यपद यांच्या शेजारी विजेच्या गिटारला जागा मिळू शकते, हे मराठी प्रेक्षकाने तेव्हा पाहिले. पुढे 'डिस्को डान्सर' (१९८२) या हिंदी चित्रपटातही त्यांचा आवाज ऐकू आला. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठीतील रॉक गायनाचा इतिहास लिहायचा झाल्यास तो त्यांच्यापासून सुरू करावा लागेल.

कवी अरुण कोलटकर यांनाही या संगीताचे वेड होते. त्यांनी पखवाजाचे शिक्षण घेतले, इंग्रजीत गाणी लिहिली आणि १९७३ च्या सुमारास त्यांपैकी काही मुंबईत ध्वनिमुद्रितही केली. ती तबकडीवर कधी आली नाहीत.

मनमाडच्या पलीकडे

मुंबईपासून दूर मराठवाड्यात यांतले काय पोहोचत होते? परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे उदाहरण घेता येईल. सिकंदराबाद-मनमाड मार्गावरचे हे जंक्शन तेव्हा मीटरगेजवर होते. येथूनच अकोला-खांडव्याकडे जाणारा फाटा निघे. मुंबईची वस्तू पूर्णेला यायची, तर मनमाडपर्यंत ब्रॉडगेजने आणि तेथून पुढे मीटरगेजने. तबकडी वाजवायला वीज, यंत्र आणि पैसा लागे. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर मात्र परवडण्याजोगा होता. त्यासाठी टपाल कार्यालयात परवाना काढावा लागे. लघुलहरींवर रेडिओ सिलोन खरखरत का होईना लागत असे आणि हिंदी गीतांखेरीज इंग्रजी गाणीही त्यावर वाजत. शब्द कळत नसले तरी ठेका कळतो, एवढे खरे.

आणि त्या वर्षांत मराठवाड्यापुढचे प्रश्नच वेगळे होते. 'मशीन हेड' आणि 'हार्वेस्ट' यांचे १९७२ हे वर्ष महाराष्ट्रासाठी भीषण दुष्काळाचे होते. दुष्काळी कामांवर खडी फोडणारे मजूर आणि रेशनवरचा मिलो ही त्या पिढीची आठवण आहे. रोजगार हमी योजनेचा जन्म याच दुष्काळातून झाला. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलनाची ठिणगी परभणीत पडली आणि वसमत येथे पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचा बळी गेला. पूर्णेहून अकोल्याकडे निघालेली गाडी याच वसमतवरून जाते. नोकऱ्या आणि सिंचनाबरोबर रुंदमापी रेल्वे ही त्या आंदोलनाची मोठी मागणी होती. पूर्णा-अकोला मार्ग रुंदमापी व्हायला २००८ साल उजाडले.

पश्चिमेतील तरुणांचा राग गिटारमधून बाहेर पडत असताना महाराष्ट्रातील तरुणांच्या रागाने आपल्या भाषेतच वाटा शोधल्या. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ चा आणि दलित पँथरची स्थापनाही त्याच वर्षीची. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात झाला. लघुनियतकालिकांची चळवळ त्याआधीच रुजली होती. या साऱ्यांत बंडखोरी, धक्का आणि प्रस्थापितांविरुद्धचा आवाज होता, म्हणजे रॉकचा आत्मा होता आणि तोही मराठीतून. मुंबईच्या बँडकडे वाद्ये होती, पण ती दुसऱ्यांची गाणी वाजवत होती. या दोन्ही प्रवाहांची गाठ पडली असती, तर मराठी रॉक हा प्रकार तेव्हाच जन्मला असता. भाषा, वर्ग आणि भूगोल यांनी ती पडू दिली नाही.

चित्रपटाची मागची वाट

रॉकचा ठेका सर्वसामान्य मराठी घरांत शिरला तो हिंदी चित्रपटातून. काठमांडूतील हिप्पींच्या पार्श्वभूमीवरील 'हरे रामा हरे कृष्णा' १९७१ मध्ये आला. राहुलदेव बर्मन यांनी संगीत दिलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले 'दम मारो दम' विजेच्या गिटारसह गावोगावच्या लाउडस्पीकरवर वाजू लागले. ती गिटार भूपिंदर सिंग यांची. पाठोपाठ 'जवानी दिवानी' (१९७२) आणि 'यादों की बारात' (१९७३) आले. लेड झेपलिनचे नावही न ऐकलेल्या श्रोत्याच्या कानात रॉकचे स्वर या मार्गाने मुरले. मुंबईच्या हॉटेलांत रात्री पाश्चात्त्य संगीत वाजवणारे गोव्याचे आणि मुंबईचे वादकच दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बसत, हेही यामागचे कारण.

उशिरा आलेले पाहुणे

ज्यांच्या तबकड्या मुश्किलीने मिळत, ते कलावंत महाराष्ट्रात आले ते तीन दशकांनी. रोलिंग स्टोन्सने एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर कार्यक्रम केला. पिंक फ्लॉइडचा एकेकाळचा सूत्रधार रॉजर वॉटर्स याने फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईत 'द डार्क साइड ऑफ द मून' आरंभापासून अखेरपर्यंत सादर केला. श्रोत्यांत पन्नाशी उलटलेले जुने रसिक होते आणि त्यांची महाविद्यालयात जाणारी मुलेही.

आज तबकडीची वणवण उरलेली नाही. पूर्णेतील विद्यार्थ्याला खिशातल्या फोनवर यांतला प्रत्येक गीतसंच क्षणात ऐकता येतो. अभंगांना रॉकचा साज चढवणारा 'अभंग रिपोस्ट'सारखा मुंबईचा बँडही त्याला तेथेच भेटतो. नव्या श्रोत्याने 'हूज नेक्स्ट', लेड झेपलिनचा चौथा संच, 'मशीन हेड', 'द डार्क साइड ऑफ द मून' आणि 'क्वीन टू' या क्रमाने सुरुवात करावी. त्यानंतर मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले 'फ्रेंड्स' आवर्जून ऐकावे. गीतसंच तुकड्यांत न ऐकता सलग ऐकावा, कारण त्याची रचनाच तशी आहे.

दुर्मीळ झाले आहे ते आपल्याकडचे संगीत. पश्चिमेतील प्रत्येक ध्वनिमुद्रणाची पट्टी जपली गेली. मुंबईत झालेले दोन गाण्यांचे काम चाळीस वर्षांनी बाहेर येऊ शकले, ते कोणीतरी ती पट्टी सांभाळली म्हणून. मुंबई, पुणे आणि गोव्यातील बँडच्या मैफलींपैकी फारच थोड्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि ज्या झाल्या त्यांतील काही अजून खासगी कपाटांत, जुन्या कॅसेटवर आणि स्पूलवर पडून असतील. चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असते. दमट हवेत तिच्यावरील थर सुटतो, बुरशी चढते आणि आवाज कायमचा जातो. ते वादक आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. त्यांच्या फितींचे डिजिटल रूपांतर आणि त्यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण हे काम एखाद्या विद्यापीठाने वा संग्रहालयाने हाती घ्यायचे असेल, तर त्यासाठी आता फार वर्षे हाताशी उरलेली नाहीत.